फणसापासून सरळ दक्षिणेस

हद्द सुरू होते बेंतूच्या गाड्यापासून,
तिथून गटाराच्या डाव्या कडेनं
खुरसाला वळसा घालून
फणसाच्या झाडापर्यंत,
झाडापासून सरळ दक्षिणेस
सांकवाच्या अलीकडे, व्हाळ न ओलांडता.

तेवीस वर्षं हे मीच उतरवतोय,
आधी कार्बन लावून, मग टंकून,
आता जुन्या फाइलीतून उचलून नव्या फाइलीत.
म्हापसा पालिकेत माझ्या कामाला
अजून कुणी नाव ठेवलेलं नाही.

बदलतो तो प्रभागाचा आकडा.
सहाचा सात, साताचा पाच.
एकदा आठ झाला तेव्हा रोहिदास तारकरानं
माझ्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकली,
"माझी एकशे बारा मतं व्हाळापलीकडे टाकलीस!"
मी म्हटलं, मतं नव्हेत, घरं.
आणि मी नव्हे, वरून आलं.
वर म्हणजे कुठे, ते त्यानं विचारलं नाही.
पुढच्या खेपेला तो स्वतःच वरून आला.

त्याची कुंपणाची भिंत बघा एकदा.
चुन्याखाली नारळ, नारळाखाली पंखा,
पंख्याखाली शिलाई मशीन.
पावसात पापुद्रा सुटला की
तीन निवडणुका एकदम मतं मागतात.

मग प्रभाग महिलांसाठी राखीव पडला
आणि भिंतीवर शकून आली, त्याची बायको,
हात जोडून,
तिच्या डोक्यावर नवऱ्याचा फोटो, वीतभर मोठा.
एकोणीस मतांनी निवडून आली.
हार त्याच्या गळ्यात, पेढ्यांचं ताट तिच्या हातात.

आठवड्यानं ती एकटीच कार्यालयात आली,
नकाशा मागितला,
पदरानं टेबल पुसून पसरला
आणि दुपारभर बोट फिरवत राहिली.
जेवायची सुट्टी झाली, संपली.
"आमची बांय पाचात,
आणि बांयीकडे जाणारी वाट सहात?"
होय.
"म्हणून ती कुणी केली नाही इतकी वर्षं."
होय.
"मला वाटायचं, लोक आमच्यावर रुसलेत."

एफिजिन मायचं तर घरच कापलं गेलंय,
रांधण सहात, बाल्कांव पाचात.
मतदानाआधी दोन्हीकडचे येतात,
माय, तू निजतेस कुठे?
ती म्हणते, तुमच्या कर्ण्यात
नीज लागते कुणाला?
दारातल्या खांबावरचा दिवा
दोन्ही प्रभागांचा आहे,
म्हणजे तो पेटत नाही.

यंदा हरकतींना सात दिवस दिले.
आली एकच.
एफिजिन मायची, रोमी लिपीत,
नातवाच्या गणिताच्या वहीचं पान फाडून,
"फणस पडून चवदा वर्सां जालीं.
रातचो पडलो. म्हजो घोव तेन्ना जिवो आशिल्लो,
ताणेंच खांदयो कातरल्यो.
तुमची रेग आजून थंय येवन रावता.
एक तर रेग काडून उडयात,
ना जाल्यार झाड लायात."

मी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला.
साहेबांनी वाचून घेतलं, हसले.
झाड बदललं तर पुन्हा मोजणी,
मोजणी म्हणजे पुन्हा कोर्ट,
कागदावर आहे ना, मग आहे.
राजपत्रात छापून आलं,
फणसाच्या झाडापर्यंत,
झाडापासून सरळ दक्षिणेस.

शुक्रवारच्या बाजारात
सुकी मिरची आणि चवळी घेऊन परतताना
रोपवालीपाशी उगाच थांबलो.
फणसाचं रोप केवढ्याला?
नुसतं विचारलं.
ती म्हणाली, कुठला हवा, कापा की रसाळ?

पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
तेवीस वर्षं लिहितोय,
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.